‘रंग पसंत नाही’ आणि अडकलेले पस्तीस हजार

वाचकाचे पत्र

मी कराडला राहते आणि एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. रात्रपाळीच्या जाण्यायेण्यासाठी जुनी मोटार घ्यावी म्हणून मी आणि माझा धाकटा भाऊ एका रविवारी कोल्हापुरातील जुन्या गाड्यांच्या एका यार्डात गेलो. तेथे २०१८ सालची पेट्रोलवरची वॅगनआर पसंत पडली. मीटरवर ४६,२१२ किलोमीटर दिसत होते. ‘एकहाती गाडी, मीटर ओरिजिनल, लोन नाही’ असे विक्रेत्याने सांगितले आणि त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या जाहिरातीतही तसेच लिहिले होते. ३,८५,००० रुपयांना सौदा ठरला. त्याच दिवशी २०,००० रुपये यार्डाच्या खात्यावर भरले, त्याची पावती मिळाली. सोमवारी आणखी १५,००० रुपये विक्रेत्याच्या सांगण्यावरून त्याच्या स्वतःच्या क्रमांकावर यूपीआयने पाठवले. त्याची पावती नाही, ‘पंधरा आले ताई’ एवढा निरोप मात्र आहे.

बुधवारी भाऊ मेकॅनिकला घेऊन पुन्हा गेला. चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडल्यावर आतल्या चौकटीवर ऑइल बदलल्याचे जुने स्टिकर चिकटलेले दिसले आणि त्यावर पेनने ‘पुढचे ऑइल ८१,०००’ असे लिहिलेले होते. भावाने फोटो काढला. घरी येऊन परिवहनच्या ॲपवर पाहिले, तर गाडीवर बँकेचा बोजाही तसाच नोंदलेला होता. गाडी घ्यायची नाही असे आम्ही ठरवले. पण समोरच्याला तोंडावर खोटारडा म्हणणे बरे दिसेना, म्हणून गुरुवारी सकाळी मी ‘सासऱ्यांना रंग पसंत नाही, कृपया टोकन परत करावे’ असा निरोप पाठवला. सासऱ्यांनी तर गाडी पाहिलेलीही नाही. आता विक्रेता म्हणतो की, पावतीवर ‘टोकन परत मिळणार नाही’ असे छापलेले आहे. शिवाय टोकनवर जीएसटी भरला आहे, उरलेले पैसे मूळ मालकाला दिले आहेत, हवे तर यार्डातली दुसरी गाडी घ्या. ती वॅगनआर पंधरवड्यातच विकली गेली. या गोष्टीला दोन महिने झाले. भाऊ म्हणतो, यार्डात जाऊन बसू. काय करावे?

— एक वाचक, कराड

उत्तर

सप्रेम नमस्कार.

पावतीवरची छापील ओळ ही आपल्याला सर्वांत मोठी अडचण वाटते आहे, असे आपल्या पत्रावरून दिसते. मला मात्र सर्वांत मोठी अडचण आपण स्वतः पाठवलेल्या निरोपात दिसते. उगाच तोंडातोंडी नको म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नावावर नकार देणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. स्थळ नाकारताना ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणावे, तसाच हा प्रकार. लग्नाच्या बोलण्यांत त्याने कोणाचे बिघडत नाही, पण टोकनच्या वादात पहिला प्रश्न ‘सौदा कोणामुळे मोडला’ हाच असतो आणि आपल्या निरोपाने त्याचे उत्तर ‘माझ्यामुळे’ असे लेखी देऊन ठेवले आहे. हे उत्तर खरे नाही आणि ते दुरुस्त करता येते. मात्र त्यासाठी यापुढे आपण जे लिहाल, बोलाल आणि जोडाल, ते सगळे याच एका मुद्द्याभोवती असावे लागेल.

टोकन म्हणजे काय, ते आधी पाहू. यार्डात ज्याला टोकन म्हणतात ते जमिनीच्या व्यवहारातल्या विसारासारखेच असते, म्हणजे सौदा पुरा करण्याची हमी म्हणून आधी दिलेली आणि सौदा पुरा झाला की किमतीत वळती होणारी रक्कम. भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील कलम ७४ असे सांगते की, करार मोडल्याबद्दल कागदावर एखादी रक्कम लिहिलेली असली, तरी दुसऱ्या पक्षाला मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही त्या भरपाईची कमाल मर्यादा असते. हे कलम विसाराला कसे लावायचे यावर न्यायालयांत पुष्कळ खल झाला आहे आणि सगळे निकाल एकाच दिशेचे नाहीत. कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या प्रकरणात १९८२ सालच्या लिलावात बोली लावणाऱ्याचे ७८ लाख रुपये प्राधिकरणाने जप्त केले होते आणि तोच भूखंड पुढे १९९४ मध्ये ११ कोटी ७८ लाखांना विकला होता. जेथे नुकसानच झालेले नाही तेथे भरपाई कशाची, अशी भूमिका घेऊन सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्ये जप्ती अमान्य केली. उलट, गुरुग्राममधील एका सदनिकेची नोंदणी ग्राहकाने आपण होऊन रद्द केली होती, त्या प्रकरणात फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने करारातली २० टक्क्यांची एकतर्फी अट मानली नाही, पण मूळ किमतीच्या १० टक्के रक्कम विकासकाला ठेवून घेऊ दिली.

आता आपला हिशेब करून पाहा. ३,८५,००० मध्ये ३५,००० म्हणजे नऊ टक्क्यांच्या थोडे वर. गाडी रंगासाठी नाकारली असे धरले, तर विक्रेता म्हणू शकेल की, ग्राहकाचे मन बदलले आणि दहा टक्क्यांच्या आतली रक्कम मी ठेवली, त्यात गैर काय? त्यावरही आपल्याकडे उत्तर आहे, कारण गाडी पंधरवड्यात विकली गेली असल्यामुळे त्याचे नुकसान जवळजवळ शून्य आहे. पण ही बाजू हमखास जिंकणारी नाही. आपली भक्कम बाजू स्टिकरची आहे, आणि ती आपण निरोपात एका शब्दानेही मांडलेली नाही.

त्या स्टिकरकडे नीट पाहिले पाहिजे. ऑइल बदलल्यावर गॅरेजवाले दरवाज्याच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली असे स्टिकर लावतात, त्यावर बहुतेक वेळा तारीख, त्या वेळचे किलोमीटर आणि पुढच्या वेळचे किलोमीटर लिहिलेले असतात; शिवाय ते गॅरेजची जाहिरातही असते, त्यामुळे वरच्या बाजूला गॅरेजचे किंवा ऑइलच्या दुकानाचे नाव आणि फोन नंबर छापलेला असतो. पेट्रोल गाडीचे ऑइल साधारण पाच ते दहा हजार किलोमीटरला बदलतात असे धरले, तर ‘पुढचे ८१,०००’ लिहिले गेले तेव्हा ही गाडी सत्तर हजारांच्या पुढे गेलेली होती, आणि आज तिचा मीटर ४६,२१२ दाखवतो. भावाने काढलेल्या मूळ फोटोत त्या गॅरेजचे नाव वाचता येते का, ते मोठे करून पाहा. वाचता आले तर भावाला तेथे पाठवा. यार्डात बसून राहण्यापेक्षा त्या गॅरेजवाल्याकडे घालवलेला अर्धा तास अधिक उपयोगी पडेल, कारण अनेक गॅरेजांत गाडीच्या क्रमांकासह वही असते आणि त्या वहीतल्या पानाच्या फोटोने आपले निम्मे काम होते. गॅरेजवाला लिहून द्यायला बिचकला, तर त्याच्यावर जबरदस्ती करू नका. ग्राहक आयोगाला साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, आणि त्या गॅरेजची किंवा कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राची नोंद पुढे तेथूनही मागवता येते.

खोट्या कथनावर विसंबून केलेला करार, ज्याची फसगत झाली त्याला रद्द करता येतो, हे करार अधिनियमाच्या कलम १९ मध्ये आहे, आणि करार रद्द झाल्यावर त्यापोटी घेतलेला लाभ परत करावा लागतो, हे कलम ६५ मध्ये. त्यातली एक मेख मात्र आपण आधीच ओळखून ठेवावी. कलम १९ ला जोडलेला अपवाद असे म्हणतो की, चुकीचे कथन किंवा मौन यांच्या बाबतीत फसगत झालेल्याला साध्या चौकशीने सत्य कळण्याजोगे असेल, तर त्याला करार रद्द करता येत नाही. बोजाच्या मुद्द्यावर विक्रेत्याचा वकील नेमका हाच अपवाद काढील : ॲपवर गाडीचा क्रमांक टाकला असता तर पैसे देण्याआधीच दिसले असते. मीटरचे तसे नाही. कोणी जाणूनबुजून मीटर मागे फिरवून वर ‘मीटर ओरिजिनल’ असे सांगितले असेल, तर ती उघड फसवणूक होते आणि तिला हा अपवाद लागत नाही. मीटर पूर्वीच्या मालकाने फिरवला असेल आणि विक्रेत्याला ते ठाऊक नसेल, तरीही दरवाज्याच्या चौकटीवरचे बारीक स्टिकर पैसे देण्याआधी वाचणे ही काही साधी चौकशी म्हणता येणार नाही. म्हणून नोटिशीत मीटर पहिला आणि बोजा दुसरा, असा क्रम ठेवा. बोजाचा मुद्दा दुसरा असला तरी हलका नाही, कारण वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १४ प्रमाणे विकलेल्या वस्तूवर न सांगितलेला बोजा नसावा हे गृहीतच असते, आणि मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५१ प्रमाणे कर्ज देणाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय आरसीवर नवा मालक चढतच नाही.

आता त्या निरोपाविषयी. तो पुसून टाकण्याचा विचारही करू नका. तो विक्रेत्याच्या फोनमध्ये आहे, आणि आपल्याकडून पुसला गेल्याचे दिसले तर खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडेल. तो कसा झाला हे आपणच आधी सांगावे, तेही अगदी थोडक्यात. आपल्या बाजूने एक गोष्ट फार चांगली आहे : स्टिकरचा फोटो बुधवारचा आहे आणि निरोप गुरुवारचा. म्हणजे खरे कारण आधी घडले आणि सौजन्याचे कारण नंतर लिहिले गेले, हे फोटोच्या तारखेवरून आणि वेळेवरूनच दिसते. हाच फोटो गुरुवारनंतरचा असता, तर मी आपल्याला इतक्या खात्रीने लिहू शकलो नसतो. ‘नंतर सुचलेली सबब’ हा आरोप टिकू नये म्हणून भावाचा मूळ फोन, मूळ फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा पूर्ण संवाद आहे तसा जपा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या फोटोत मूळ तारीख-वेळेचा तपशील राहत नाही, म्हणून प्रत भावाच्या फोनमधून थेट काढावी. सोबत गेलेला मेकॅनिक हाही साक्षीदार आहे. त्याने त्या दिवशी काय पाहिले ते चार ओळींत त्याच्या सहीने आत्ताच घेऊन ठेवा, सहा महिन्यांनी त्याला गाडीचा रंगही आठवणार नाही.

यानंतर विक्रेत्याला लेखी नोटीस द्यावी. त्यासाठी वकील लागतोच असे नाही. ‘फसवणूक’, ‘लबाडी’, ‘गुन्हा’ असले शब्द न वापरता, नुसत्या तारखा आणि आकडे देऊन लिहिलेली नोटीस अधिक वजनदार ठरते, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. मजकूर साधारण असा असावा :

‘आपल्या यार्डातील … क्रमांकाच्या वॅगनआर मोटारीचा सौदा दिनांक … रोजी ३,८५,००० रुपयांना ठरला. त्यापोटी मी दिनांक … रोजी २०,००० रुपये आपल्या खात्यावर व दिनांक … रोजी १५,००० रुपये आपल्या विक्रेत्याच्या सूचनेनुसार त्याच्या क्रमांकावर, असे एकूण ३५,००० रुपये दिले. मीटरवरील ४६,२१२ किलोमीटर हे अंतर खरे आहे व गाडीवर कर्ज नाही, असे आपण लेखी व तोंडी सांगितले होते. दिनांक … रोजी केलेल्या तपासणीत गाडीच्या दरवाज्याच्या चौकटीवरील स्टिकरवर पुढील ऑइल बदल ८१,००० किलोमीटरला असल्याची नोंद आढळली, तसेच परिवहन विभागाच्या नोंदीत बँकेचा बोजा दिसला. या कारणांसाठी मी सौदा रद्द केला. दिनांक … च्या निरोपात मी गाडीच्या रंगाचे कारण लिहिले, ते केवळ वाद टाळण्यासाठी लिहिले होते. खरी कारणे वर दिल्याप्रमाणे आहेत. ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत ३५,००० रुपये माझ्या पुढील खात्यात जमा करावेत, अन्यथा मी सातारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.’

नोटीस स्पीड पोस्टाने, पोचपावतीची सोय घेऊन पाठवा (रजिस्टर पोस्ट टपाल खात्याने २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन केले आहे) आणि तिचीच प्रत व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. यार्डाचे नाव पावतीवर आहे तसेच्या तसे लिहा. पाटीवर एक नाव आणि पावतीवर दुसरे, असे अशा धंद्यात वारंवार आढळते.

१५,००० रुपयांविषयी आपल्याला वाटते आहे तितकी काळजी करण्याचे कारण नाही, पण कागद आजच जमवावेत. पावती नसली तरी बँकेच्या खातेउताऱ्यावर त्या व्यवहाराचा यूटीआर क्रमांक असतो, ‘पंधरा आले ताई’ हा निरोप त्याच क्रमांकावरून आलेला आहे, आणि तो माणूस यार्डातच बसून यार्डाच्याच गाड्या विकत होता. मालकाने ज्याला गिऱ्हाइकापुढे आपला माणूस म्हणून बसवले, त्याने त्या कामात घेतलेल्या पैशांतून मालकाला सहजासहजी हात झटकता येत नाहीत. तरीही तक्रारीत यार्डाचा मालक आणि तो विक्रेता या दोघांनाही विरुद्ध पक्ष करा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवण्याचा खेळ तेथेच थांबेल.

विक्रेत्याने सांगितलेल्या तीन सबबींपैकी जीएसटीची सबब ऐकून मला हसू आले. वस्तूंच्या विक्रीत आगाऊ घेतलेल्या रकमेवर जीएसटी भरण्याची सक्ती नोव्हेंबर २०१७ पासून नाही. तो कर बिल करण्याच्या वेळी लागतो. शिवाय जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्याला कर लागतो तो खरेदी आणि विक्री यांमधल्या फरकावर, १८ टक्क्यांनी. आपल्याला गाडी विकलीच गेली नाही, तर फरक कोठला आणि त्यावरचा कर कोठला? नोटिशीत एक ओळ घाला की, कर भरला असल्यास त्याचा कागद द्यावा. तो कागद येणार नाही. आपल्या पावतीवर जीएसटी क्रमांक तरी आहे का, तेही पाहून ठेवा.

पैसे मूळ मालकाला दिले, ही दुसरी सबब. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या बदलांनुसार, जुन्या नोंदणीकृत गाड्यांचा व्यापार करणाऱ्याला परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र लागते, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना नमुना २९-सी मध्ये गेली की, त्या गाडीपुरता तो व्यापारीच मानीव मालक, म्हणजे कायद्याने मालक समजला जाणारा, ठरतो. त्यामुळे अधिकारपत्र असेल आणि २९-सी भरलेला असेल, तर ‘मी नुसता मधला माणूस’ हे म्हणणे टिकत नाही. अधिकारपत्र नसेल, तर कोल्हापूरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात त्याची स्वतंत्र लेखी तक्रार होऊ शकते, आणि गाड्या गिऱ्हाइकांच्या नावावर करून देण्यासाठी रोज त्याच कार्यालयाच्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाला ही तक्रार ग्राहक आयोगाच्या नोटिशीपेक्षाही लवकर टोचते. काही असले तरी आपण पैसे दिले ते यार्डाला. त्याने ते पुढे कोणाला दिले, हा त्याचा आणि त्या मालकाचा हिशेब.

दुसरी गाडी घेण्याचा प्रस्ताव स्वीकारू नका, असे मी सरसकट म्हणणार नाही, कारण कधी कधी त्यातून दोघांचीही सुटका होते. पण ज्या यार्डात एका गाडीचा मीटर संशयास्पद निघाला, तेथली दुसरी गाडी घेण्याइतके धैर्य माझ्यात नाही. शिवाय टोकन एकदा दुसऱ्या गाडीकडे वळवले की, पहिल्या सौद्याची तक्रार आपण होऊन मिटवल्यासारखे होते.

पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढची जागा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने केलेला एक बदल आपल्यासारख्यांच्या फार कामाचा आहे : पूर्वी विरुद्ध पक्ष जेथे धंदा करतो किंवा व्यवहाराचे कारण जेथे घडले तेथे जावे लागे, आता तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. म्हणजे आपल्याला कोल्हापूरला खेपा घालायच्या नाहीत, सातारा जिल्हा आयोग चालेल. पावतीवर ‘सर्व वाद कोल्हापूर न्यायकक्षेत’ असे छापलेले असले, तरी कायद्याने दिलेली सोय छापील ओळीने जात नाही, हीच भूमिका मांडा. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, वकील सक्तीचा नाही आणि १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती या संकेतस्थळावर घरबसल्या तक्रार भरता येते. वकील हवासा वाटलाच, तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. वेळेबाबत मात्र खोटी आशा दाखवणार नाही. कायदा तीन महिन्यांत निकालाचा प्रयत्न करावा म्हणतो, पण प्रत्यक्षात याहून बराच अधिक काळ लागतो. असे असले तरी आयोगाची नोटीस हातात पडल्यावर पुष्कळ विक्रेते पहिल्या-दुसऱ्या तारखेलाच तडजोडीला येतात, कारण एवढ्याशा रकमेसाठी वकील लावून साताऱ्याला येणे त्यांनाही परवडत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करायला हरकत नाही, मराठीत बोलता येते. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत तिचा जसा उपयोग होतो तसा गल्लीतल्या यार्डाच्या बाबतीत होईलच असे नाही, पण आपण आधी प्रयत्न केला होता, याचा पुरावा तयार होतो.

तक्रार लिहिताना एक चूक अनेक जण करतात, ती टाळा. ‘टोकन परत मिळणार नाही’ ही अटच अन्यायकारक आहे, असा मुख्य मुद्दा करण्याचा मोह होतो आणि नव्या कायद्यात ‘अन्यायकारक करार’ ही संज्ञाही आहे. पण अन्यायकारक कराराविरुद्धची तक्रार ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही, त्यासाठी राज्य आयोगाकडे जावे लागते. म्हणून मथळ्यापासूनच आपली तक्रार ‘अनुचित व्यापारी प्रथा’ अशी ठेवा : मालाविषयी खोटे सांगितले, त्यावर विसंबून पैसे घेतले आणि परत दिले नाहीत. छापील ओळीचा उल्लेख ओघात येऊ द्या, तिच्यावर तक्रार उभी करू नका.

भावाला यार्डात जाऊन बसू देऊ नका. तेथे आवाज चढला, कोणी कोणाचा हात धरला, तर उद्या आपली तक्रार बाजूला राहील आणि त्यांची पुढे येईल. पोलिसांत तक्रार अर्ज देता येतो आणि भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८ आहे. पण एका व्यवहारातल्या टोकनसाठी ‘ही दिवाणी बाब आहे’ हेच उत्तर बहुधा मिळेल, त्यामुळे गॅरेजची वही हाती येईपर्यंत त्या वाटेला जाऊ नये. समाजमाध्यमांवर यार्डाच्या नावाने लिहिणेही निकालापर्यंत थांबवा.

विक्रेता अर्धे पैसे देऊ लागला, तर घ्या, पण ‘पूर्ण व अंतिम’ असे लिहिलेल्या कागदावर सही करू नका. ‘अंशतः मिळाले, उर्वरित रकमेचा हक्क राखून’ असे आपल्या हाताने लिहा. वीसेक वर्षांपूर्वी एका स्कूटरच्या व्यवहारात मी स्वतः वाचून न पाहता अशी सही करून दोन हजार रुपये सोडून आलो होतो, म्हणून हे आवर्जून लिहितो आहे. त्याने धनादेश दिला तर तारीख जवळची असू द्या. तो न वटल्यास बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, आणि तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात न्यायालयात तक्रार, हे वेळापत्रक धनादेशांविषयीच्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फार काटेकोर असते.

शेवटी राहिले आपले सासरे. त्यांचे नाव परस्पर पुढे केल्याचे त्यांना आजच सांगा, कारण या प्रकरणात ते आपल्या उपयोगाचे साक्षीदार आहेत. आपण गाडी प्रत्यक्ष पाहिली नाही, तिचा फोटोही पाहिला नाही आणि रंगाबाबत कोणापाशी काही बोललो नाही, एवढ्या तीन वाक्यांचे प्रतिज्ञापत्र त्यांनी दिले, तर विक्रेत्याच्या हातातला एकमेव कागद त्याच्या उपयोगाचा राहत नाही. ते तक्रारीसोबत, भावाच्या प्रतिज्ञापत्राच्या खाली जोडा.